दाजींचा घास

“असं नव्हं सर्जेराव. आधी ह्या खळग्यात ग्रेव्ही ओता. भरू द्या काठोकाठ. हां, आता मोडा.”

मी मोडलं. वाटीसारखं फुगलेलं, कडेनं खरपूस आणि आतून पोकळ असं ते प्रकरण होतं. नाव यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग म्हटल्यावर काहीतरी गोड येणार म्हणून मी वाट बघत होतो, आणि समोर आलं हे, मटणाच्या ताटात.

“कसं लागतंय?” दाजींनी विचारलं.

“चांगलंय की.”

“चांगलंय म्हंजे काय? मोटार चालू झाली की गिऱ्हाइकाला सांगता तसं नको. नीट सांगा.”

“वरनं कुरकुरीत. आतनं मऊ, आंबोळीसारखं. रस पिऊन बसलंय.”

“बरोबर!” दाजींनी टेबलावर हात मारला. “रस पिऊन बसलंय! ऐकलंस का गं?”

आक्कानं ऐकलं होतं, पण ती दाजींच्या ताटाकडे बघत होती. आणि ताटाकडेही नाही, खरं म्हणजे त्यांच्या गळ्याकडे. ते मला तेव्हा कळलं नाही.

संपतराव इंगवले, माझे दाजी, गडहिंग्लजचे. विशीत विलायतेला गेले आणि शेफिल्डच्या पोलाद कारखान्यात नोकरी करून तिथलेच झाले. माझी थोरली बहीण प्रमिला, म्हणजे आक्का, लग्न होऊन त्यांच्यामागून गेली. मी मागं कागलात मोटारपंप दुरुस्त करत राहिलो. ते दोन-तीन वर्षांनी यायचे, चॉकलेटं आणि स्वेटर घेऊन. मी मात्र कधी तिकडे गेलो नव्हतो. आणि एका वर्षी अचानक दाजींचा फोन आला. तिकीट काढलंय, व्हिसाचं बघा, आपण बोटीनं फिरायचं. इंग्लंडला अख्खा वळसा घालणारी बोट आहे, पाण्यावरचा राजवाडाच. माझ्या बायकोला सुनेच्या बाळंतपणामुळे निघता येईना, म्हणून मी एकटाच गेलो. याला आता दहा-बारा वर्षं झाली असतील.

बोट खरोखरच राजवाडा होती. जिने पितळी कठड्यांचे, जेवणाच्या दालनात पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, काचेबाहेर करड्या रंगाचा समुद्र. आमच्या आजूबाजूला सगळी पिकल्या केसांची गोरी जोडपी, हळू बोलणारी आणि भरपूर खाणारी. आमच्या टेबलाला सॅवियो नावाचा मडगावचा वेटर होता. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून पहिल्याच दिवशी त्याचा चेहरा उजळला.

अलीकडे त्यांचं गावाकडं येणं थांबलं होतं, त्यामुळे दाजींना मी सहा-सात वर्षांनी बघत होतो. फार वाळले होते. बोलणंही बदललं होतं. शब्द जड आणि ओले होऊन बाहेर पडायचे, आणि ओठाच्या कोपऱ्यावर ते सारखा रुमाल टिपायचे. मी विचारल्यावर म्हणाले, “नवी कवळी बसवलीया. जीभ अजून घर शोधतीया.” आक्का त्यांच्या चहात आणि पाण्यात एक पांढरी भुकटी ढवळायची. त्यानं पाणीसुद्धा पेजेसारखं दाट व्हायचं. ती म्हणाली, पोटाचं औषध आहे. आणि घास घेतला की दाजी हनुवटी छातीला टेकवायचे आणि मगच गिळायचे. प्रत्येक घासाला. मला वाटलं, म्हातारपणी देवाधर्माकडे वळले असतील, अन्नाला नमस्कार करत असतील.

बोटीवर ते सगळं मागवायचे. कॉड माशाचे जाड तुकडे पिठात तळलेले, सोबत बोटाएवढे बटाटे आणि वाटाण्याचा हिरवा लगदा. मेंढीच्या खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला, ‘शेफर्ड्स पाय’ नावाचा प्रकार. दुपारच्या चहाला स्कोन नावाचे गोल पाव, त्यावर दाट साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा. आधी मुरंबा का आधी साय, यावरून शेजारच्या टेबलावरच्या एका बाईशी त्यांनी वादही घातला. ताट आलं की त्यातलं थोडंसं ते रश्श्यात कालवून घ्यायचे, दोन-चार घास खायचे आणि बाकीचं ताट माझ्याकडे सरकवायचे.

“तुम्ही खावा. मी बघतो.”

“तुम्ही जेवलाच कुठं दाजी?”

“जेवलो की. व्हिनेगर टाकलासा का माशावर? टाका. आता सांगा.”

आणि मी सांगायचो. मला असं कधी जमलं नव्हतं, पण त्यांच्यासमोर जमायला लागलं. मासा पापडासारखा फुटतोय, आत वाफ आहे, आंबट नाकात जातंय. ते डोळे मिटून ऐकायचे.

एकदा डेकवरच्या खुर्च्यांवर बसलो असताना मी त्यांना विचारलं, “एवढं काय आहे दाजी ह्या खाण्यात? ना तिखट ना मीठ.”

“पहिल्यांदा आलो तवा मिसेस वेनराइट म्हणून एक विधवा बाई होती, तिच्या घरी खोलीवर राहत होतो,” दाजी म्हणाले. “हाडं गोठवणारी थंडी. आठवडाभर पाव आणि जाम खाल्लेलं. इथं कुणी आपल्याला माणसात धरंल असं वाटत नव्हतं. रविवारी तिनं दार वाजवलं. खाली गेलो तर मेंढीची अख्खी तंगडी भाजून ठेवलेली. सुरी घेऊन तिनं पहिला काप काढला, मोठा, आणि तो माझ्या ताटात घातला. तिचा ल्योक समोर बसला हुता, तरी मला आधी.”

“मग आक्का घरी कधी करत नाही होय?”

दाजी हसले. “तुमच्या आक्काला ते पाणचट वाटतं. चाळीस वर्सं झाली, शेफिल्डात बसून मला भाकरी आणि तांबडा रस्सा घालतीया. रोस्ट खायचं तर मी कारखान्यातल्या दोस्तांबरोबर बाहेर. तिला ते आवडत नव्हतं. मला वाटतं तिला मिसेस वेनराइटच आवडत नव्हती.”

आक्का शेजारीच लोकर विणत बसली होती. तिनं सुया जरा जोरात चालवल्या.

रविवारी दुपारी बोटीवर रोस्टची मोठी जेवणावळ होती. पांढऱ्या उंच टोपीतले आचारी दालनातच मेंढीच्या तंगड्यांचे काप काढत होते. सॅवियोनं माझं ताट आणलं. मटणाचे काप, पुदिन्याचा आंबटगोड रस, तुपकट सालीचे भाजलेले बटाटे. दाजींसाठी आक्कानं वेगळं सांगितलं होतं, फक्त सूप आणि कुस्करलेला बटाटा. ती सॅवियोला पाण्याचं काहीतरी सांगायला वळली. तेवढ्यात दाजींनी माझ्या ताटातला एक बटाटा काट्यानं उचलला आणि तोंडात टाकला. मला डोळा मारला.

मग त्यांचा चेहरा थांबला.

ते खोकलेसुद्धा नाहीत. आवाजच नव्हता. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, दोन्ही हात टेबलक्लॉथ ओढताहेत. मी उठून पाठीत मारायला लागलो. आक्का ओरडली, “सॅवियो!” सॅवियोनं हातातला ट्रे सोडून दिला, मागून दाजींना मिठी मारली आणि बरगड्यांखाली मूठ दाबून वर झटका दिला. एकदा, दोनदा, परत. तिसऱ्या का चौथ्या झटक्याला तो बटाट्याचा तुकडा टेबलावर येऊन पडला. दाजींनी श्वास ओढला, तो आवाज जुन्या पंपानं हवा ओढावी तसा होता.

सगळ्या दालनातले काटे खाली ठेवले गेले होते. मग कुणीतरी हळूच काटा उचलला, आणि बाकीच्यांनीही उचलले.

बोटीच्या डॉक्टरनं दाजींना तपासलं आणि झोपवलं. मी आणि आक्का वर डेकवर गेलो. वारा बोचत होता. आक्का कठड्याला धरून उभी राहिली.

“कवळी-बिवळी काही नाही सर्जा,” ती म्हणाली. “दात त्यांचेच आहेत.”

“मग?”

“मोटर न्यूरॉन म्हणतात. अंगाला हुकूम देणाऱ्या ज्या नसा असतात त्याच मरत जातात. कुणाची हातापासून सुरुवात होते, कुणाची पायापासून. ह्यांची घशापासून झाली. आधी बोलणं जड झालं, मग गिळणं. पुढं श्वास.”

“औषध असंल की काहीतरी.”

“नाही.”

ती समुद्राकडे बघतच बोलत राहिली.

“परत गेल्यावर पोटाला भोक पाडून नळी बसवायची आहे. दवाखान्यानं तारीख दिलीय. रणजितनंच सगळं धावपळ करून जमवलं.” रणजित म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, लंडनला नोकरीला. “एकदा नळी बसली की तोंडानं काही द्यायचं नाही. चहाचा घोटसुद्धा नाही. रणजित ह्या सहलीलाच नको म्हणत होता. मी त्याला शब्द दिलाय, बाबांना सूप आणि कालवलेलं सोडून काही देणार नाही म्हणून.”

“मला आधी का सांगितलं नाहीस?”

“त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, टेबलावर एक तरी माणूस असा पाहिजे, जो माझ्या गळ्याकडं न बघता जेवंल.”

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मला घास जाईना. दाजी समोर चमच्यानं दाट सूप पीत होते. त्यातलं थोडं हनुवटीवरून ओघळलं. मी नजर वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.

“हिनं सांगितलं वाटतं.”

“होय दाजी.”

“मग झालं.” त्यांनी रुमालानं हनुवटी पुसली. “आता तुम्हीबी गळ्याकडंच बघणार.”

पुढचे दिवस मी ताटातलं वर्णन करून सांगायचा प्रयत्न केला, पण ते डोळे मिटेनात. “ऱ्हावू द्या सर्जेराव,” म्हणायचे.

बोट साउदॅम्प्टनला लागायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या खोलीत बसलो होतो. बाहेर किनारा दिसायला लागला होता, हिरवट, धुक्यातला. दाजी खिडकीपाशी होते. ते न वळताच म्हणाले, “प्रमिला.”

मी दचकलो. चाळीस वर्षांत मी त्यांना आक्काला नावानं हाक मारताना ऐकलं नव्हतं. ‘अगं’ नाहीतर ‘रणजितची आई’, एवढंच.

“आज मला जेवू दे,” ते म्हणाले.

“सूप आहे ना.”

“जेवू दे म्हणालो.”

“अहो, रविवारी काय झालं ते विसरलात का? सॅवियो नसता तर तिथंच…”

“न्हाई विसरलो.”

“नळीनं निदान दोन वर्षं मिळतील म्हणालेत डॉक्टर. कदाचित जास्त.”

“मिळू देत की. नळी बसवणार न्हाई असं कुठं म्हणतोय मी? बसवतो. रणजित म्हणंल तिथं सही करतो. पण त्याच्या आधी एकदा ताट पुढ्यात घेऊन बसू दे. माणसासारखं.”

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या बाजूनं काही बोलावं असं तिच्या डोळ्यांत होतं. मी खिडकीबाहेरच्या किनाऱ्याकडे बघायला लागलो. हे नवराबायकोचं होतं. आक्का उठली, बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. मी बघायला गेलो तर ती रविवारच्याच कठड्याला धरून उभी होती, वाऱ्यानं पदर उडत होता आणि ती तो धरतही नव्हती. मी परत फिरलो.

दुपारी ती तयार होऊन आली. नारायणपेठी नेसली होती, कुंकू नीट लावलं होतं. आम्ही दालनात गेलो. सॅवियो आल्यावर तिनंच सांगितलं, “मेंढीचं रोस्ट. पुदिन्याचा रस, पुडिंग, ग्रेव्ही, सगळं. दोन ताटं ह्यांना आणि भावाला. आणि एक मला.”

सॅवियो घुटमळला. “बाय, डॉक्टराक विचारूं?”

“नको,” आक्का म्हणाली.

ताटं आली. आक्कानं दाजींचं ताट आपल्याकडे ओढलं आणि सुरी घेतली. मटणाचे हरभऱ्याएवढे तुकडे करायला लागली.

“एवढं बारीक नको गं,” दाजी म्हणाले. “दाताखाली आल्यागत वाटायला पाहिजे.”

तिनं पुढचे तुकडे मोठे केले. सगळं कापून झाल्यावर ताट त्यांच्यापुढे ठेवलं, स्वतःचं पुढ्यात घेतलं आणि जेवायला लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती रोस्ट खात होती. मान खाली घालून ती फक्त ताटाकडे बघत होती, आणि बघू नये म्हणून ती किती जोर लावत होती ते मला तिच्या मानेच्या शिरांवरून कळत होतं.

“पाणचट नाही हो एवढं,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “पुदिना तर आपलाच की.”

दाजी हसले. काट्यानं घास घ्यायचे, चावत राहायचे, हनुवटी छातीला टेकवायचे, गिळायचे, घसा खाकरायचे, परत गिळायचे. मग दाट पाण्याचा एक चमचा. मग पुढचा घास. घाम फुटला होता, कानशिलावरून ओघळत होता. त्यांनी घाई केली नाही. मिसेस वेनराइट काटा कसा धरायला शिकवायची ते अडखळत सांगितलं. आक्कानं विचारलं, “दिसायला कशी होती हो?” दाजी म्हणाले, “तुझ्यापेक्षा बुटकी. आणि दिसायला तुझ्याहून लई कमी.” आक्का हसली. मला ती लहानपणच्या आक्कासारखी दिसली, चिंचा पाडून आणायची तेव्हाची.

निम्म्याहून जास्त ताट संपलं. आक्का उठली. “कस्टर्ड चालेल ना हो? ते मऊच असतं. मी सांगून येते, घट्ट आणा म्हणावं.” आणि सॅवियोला शोधत ती दालनाच्या त्या टोकाला गेली.

ती लांब गेल्यावर दाजींनी काटा खाली ठेवला.

“सर्जेराव.”

“बोला दाजी.”

“चव न्हाई लागली.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“सगळं ध्यान गिळण्यात,” ते म्हणाले. एकेक शब्द घशातून ओढून काढत होते. “आता खाली जाईल का आडवं जाईल, एवढंच. तोंडात मटण हाय का माती, कळलंच न्हाई. एकाबी घासाचं कळलं न्हाई. तुम्ही सांगत हुता ना, तवा लागत हुती चव. आता न्हाई.”

त्यांनी रुमालानं डोळे टिपले का तोंड, ते मला सांगता येणार नाही.

“हिला सांगू नका.”

आक्का कस्टर्डची वाटी स्वतःच घेऊन आली. पिवळं, दाट, वाफाळतं. तिनं वाटी पुढे ठेवली आणि बघत राहिली. दाजींनी चमचा भरला, मान वाकवली, गिळलं, आणि वर बघून मोठ्यानं म्हणाले, “झ्याक!”

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. बोटीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा अंग तापलं होतं, छातीतून खरखर येत होती. घशात अडकलं नव्हतं काहीच. जे गेलं ते गुपचूप चुकीच्या वाटेनं, थोडं थोडं, फुप्फुसात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बोट लागली तशी रुग्णवाहिका धक्क्यावरच उभी होती. बाकीचे प्रवासी सामान घेऊन उतरत होते, एकमेकांचे पत्ते घेत होते. सॅवियो खाली गाडीपर्यंत आला. दाजींच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी सॅवियोला हात केला.

साउदॅम्प्टनच्या इस्पितळातच ते गेले. दोन वर्षं मिळणार होती, त्यांतला आठवडाही मिळाला नाही. नळीसाठी दिलेली तारीख अजून पुढं होती, ती तशीच राहिली.

रणजित पहिल्याच दिवशी लंडनहून धावत आला होता, पण तोवर दाजी बोलण्यापलीकडे गेले होते. शेवटच्या सकाळी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. तो बाहेर आला. आम्ही दोघं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो होतो. उंच, धिप्पाड पोरगा, बापाचंच कपाळ. तो आईसमोर उभा राहिला.

“आई, तू मला शब्द दिला होतास.”

“दिला होता.”

“मग?”

“मोडला.”

“कुणी दिलं त्यांना खायला? त्यांनी चोरून घेतलं का?”

“नाही. मी मागवलं. मी कापून दिलं.”

रणजितचा जबडा हलत होता. त्याला ओरडायचं होतं, पण इस्पितळाचा तो स्वच्छ, शांत व्हरांडा होता, आणि आत त्याचा बाप पडलेला. तो आईवरून नजर काढून माझ्याकडे वळला. त्याचं मराठी मोडकंतोडकं होतं, लहान मुलासारखं.

“मामा, तुम्ही होता तिथे?”

“होतो.”

“तुम्ही बघितलं? बाबांनी ते… त्यांना बरं वाटलं? निदान बरं वाटलं का?”

आक्कानं माझ्याकडे मान वळवली. लाल डोळे, विसकटलेले केस, दोन दिवसांची तीच नारायणपेठी. उत्तर रणजितला हवं होतं, पण वाट तीच जास्त बघत होती.

“बरं वाटलं म्हणजे काय,” मी म्हणालो. “इतकं मन लावून जेवताना मी त्यांना बघितलं नव्हतं बाबा. पुदिन्याचा रस दोनदा मागून घेतला. म्हणाले, मटण कसं मऊ झालंय बघा सर्जेराव, लोण्यासारखं. म्हणाले, मिसेस वेनराइटच्या हातचं असंच होतं. नाही, म्हणाले त्याच्याहून चांगलं.”

रणजित खाली बसला. आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून तो एवढा मोठा माणूस रडायला लागला. आक्का त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

“एवढं तरी झालं माझ्या हातून,” ती म्हणाली. “हो ना रे सर्जा?”

“हो आक्का,” मी म्हणालो.